शिफारसपत्र रखडले तर काय करावे?

अमेरिकेतील विद्यापीठांत एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करताना बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रे लागतात. पुष्कळशा मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि साधारण त्याच सुमारास आपल्याकडे हिवाळी सत्राच्या परीक्षा आटोपून प्राध्यापकांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यामुळे पत्र आले नाही म्हणजे सरांच्या मनात द्यायचे नाही, असा अर्थ काढण्याची घाई करू नये.

आधी पत्र नेमके कुठे अडले आहे ते शोधावे. अर्जाच्या पोर्टलवर प्रत्येक शिफारसकर्त्याच्या नावापुढे सद्यस्थिती दिसते. काही पोर्टल नाव भरताच त्यांना पत्र ऑनलाइन जमा करण्याची लिंक पाठवतात, तर काही अर्ज सादर होईपर्यंत पाठवतच नाहीत. ती सूचना न वाचता सरांना मात्र आठवणीवर आठवण करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

माझ्या वेळी मुदतीला सहा दिवस उरले तरी एक पत्र आले नव्हते. तीन ई-मेलना उत्तर न मिळाल्याने मी शेवटी स्टाफरूममध्ये जाऊन उभा राहिलो. "कसली लिंक? मला काय आलंच नाही," सर म्हणाले. मी कॉलेजच्या संकेतस्थळावरून त्यांचा अधिकृत ई-मेल पत्ता घेतला होता आणि त्याचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवले, क्लार्कला हाक मारून पासवर्ड बदलून घेतला आणि स्पॅममध्ये पडलेली लिंक दोन मिनिटांत सापडली. अधिकृत पत्त्यावरून आलेल्या पत्राला वजन असते हे खरे. पण सर तो पत्ता उघडतात का, हे आधीच विचारून घ्यावे.

विद्यानगरला शिवाजी विद्यापीठाच्या विभागात असो वा गावातल्या कॉलेजात, कोल्हापुरात गाडी काढली की सरांपर्यंत पोहोचता येते. म्हणून दोन संदेशांना उत्तर आले नाही, तर तिसरा पाठवण्याऐवजी वेळ विचारून भेटायला जावे. संदेश असा पुरतो: "सर, नमस्कार. शिफारसपत्र 10 डिसेंबरपर्यंत हवे आहे. लिंक पुन्हा पाठवली आहे. आपल्या सोयीने उद्या येऊन भेटू का?" जाताना गुणपत्रिका, प्रकल्पाचा एक पानी गोषवारा आणि विद्यापीठांची तारखेनुसार यादी छापून न्यावी. सहा विद्यापीठे असतील तर सरांना बहुधा सहा वेगळ्या लिंक येतात आणि प्रत्येक ठिकाणी थोडाफार फॉर्म भरावा लागतो, याची जाणीव ठेवावी.

या भेटीत "तूच लिहून आण, मी सही करतो" असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे. घाईत ते सोयीचे वाटते, परंतु ते स्वीकारू नये. पत्र शिफारसकर्त्याचेच असावे ही विद्यापीठांची स्पष्ट अपेक्षा असते, आणि तीन पत्रांची भाषा अर्जासोबतच्या तुमच्या निवेदनासारखीच (स्टेटमेंट ऑफ पर्पज) निघाली तर संशय येतो. त्याऐवजी सरांच्या हाताखाली केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे लिहून द्यावेत; पत्र त्यांनीच लिहावे.

चौथे नाव आधीपासून तयार ठेवावे. मुदतीला दहा दिवस उरले आणि पत्राची हालचाल नसेल, तर पहिल्या सरांना सांगून, त्यांचा मान राखून, दुसऱ्या मॅडमना विचारावे. पुष्कळ पोर्टलवर पत्र येईपर्यंत शिफारसकर्ता बदलता येतो.

वेळेचा हिशेबही नीट करावा. समजा, मुदत 15 डिसेंबरची आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 15 डिसेंबरच्या रात्री 11.59 वाजतात तेव्हा आपल्याकडे 16 तारखेचे सकाळचे 10.29 झालेले असतात. ही सवड स्वतःच्या खिशात ठेवावी. सरांना मात्र 10 डिसेंबर हीच तारीख सांगावी.

एवढे करूनही पत्र राहिले, तर अर्ज रोखून धरू नये. अनेक विभाग अर्ज वेळेत आला असेल तर शिफारसपत्र काही दिवस उशिरा आले तरी स्वीकारतात, काही मात्र अजिबात स्वीकारत नाहीत. म्हणून मुदतीपूर्वीच प्रवेश कार्यालयाला ई-मेल करून विचारावे. त्यात अर्ज क्रमांक, कोणाचे पत्र बाकी आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत येईल, एवढेच लिहावे. सरांच्या अडचणींचा पाढा वाचू नये. तिकडून जी तारीख मिळेल ती त्याच दिवशी सरांना कळवावी आणि पोर्टलवर पत्र पोहोचल्याची नोंद दिसेपर्यंत रोज एकदा पाहत राहावे.