काळ्या वावरात गाडी लावू नका, आणि खान्देशातल्या बाकीच्या चुका

मोटरहोम घेऊन खान्देश खायला निघालेल्या ओळखीच्यांचे फोन मला दर हिवाळ्यात येतात. निघण्याआधी कोणी करत नाही. रुतल्यावर करतात.

तापीकाठची काळी माती वरून कोरडी दिसते, आत ओल धरून असते. मीही फसलोय. चोपड्याच्या अलीकडे, डिसेंबरात, मालकाला रीतसर विचारून बांधालगत गाडी लावली. शेजारच्या हरभऱ्याला पाणी कधी, एवढंच विचारायचं राहिलं. शेतीपंपांची लाइट कधी दिवसा, कधी रात्री येते, त्या आठवड्यात रात्रीची होती. मध्यरात्री पाण्याची मोटार सुरू झाली, बांध फुटला, पाणी आमच्याकडे वळलं आणि मी आत घोरतोय. सकाळी चहा ठेवला तर पातेलं शेगडीवरून घसरायला लागलं. मागचं चाक अर्धं जमिनीत. त्यात मी शहाणपणा करून रेस दिली, मग गाडी पोटावरच बसली.

"काय व्हयनं भाऊ?" करत मालक आले, पोटभर हसले आणि ट्रॅक्टर आणायला गेले. चाकाखाली घालायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, दिल्या. संध्याकाळी आमच्यासाठी वांगी भाजायला ठेवलेल्या त्याच.

आता मुरमाची जागा किंवा खळं मिळालं तरच मुक्काम, आणि आधी टाच रोवून बघतो. मालकाला पहिला प्रश्न, "दादा, लाइट दिवसाची का रात्रीची?" रुतलातच तर रेस देऊ नका. टाकीतलं पाणी बादल्यांनी लांब नेऊन ओता. 100 लिटर म्हणजे 100 किलो ओझं कमी.

दुसरी चूक भरिताची, आणि ती मला जास्त झोंबते. बाजारातून हिरवी भरताची वांगी आणायची आणि गाडीतल्या गॅसवर भाजायची. साल करपते, गर कच्चा राहतो, धुराचा वास नाहीच. वर सोललेलं वांगं नळाखाली धुणारेही पाहिलेत! पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, झाकून, हातानं सोलून, लाकडानंच ठेचायचं. मिक्सर लावायचा असेल तर सरळ सूप करा. एवढा वेळ नसेल तर जळगावात भरीत किलोवर तयार मिळतं, ते घ्या. त्यात कमीपणा नाही. मे महिन्यात मात्र भरीत मागू नका. तेव्हा आमरस आणि खापरावरचे मांडे खा.

मे महिन्यात जायचंच असेल तर पारा 45 च्या आसपास धरून चला. बॅटरीवरच्या एसीचा भरवसा नाही.

गावठाणात शिरण्याआधी एकानं उतरून वरच्या तारा बघाव्यात.

साबणाचं पाणी विहिरीजवळ सोडू नका.

शेवभाजीत शेव ताटात वाढतानाच घाला, पातेल्यात नाही.

आणि एका दिवसात शेवभाजी, डाळ-बट्टी, भरीत असं सगळं उरकू नका. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, दोन खाल्ल्या की दुपार गेली. उरलेली फेकू नका. सकाळी तिच्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि ठेचा.