ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये पीएचडी करताय? मग गाइडचे पेपर असे वाचा

नेट-जेआरएफचा, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपच्या परीक्षेचा, रिझल्ट लागला की एमएस्सीची मुलं विचारतात, मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स ४० आहे, त्यांचा १८, कुणाकडे जाऊ? पुण्यात चॉइस चांगला आहे, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय केमिस्ट्री लॅब, तिथून जवळच आयसर ही सायन्सची संस्था, गणेशखिंडला युनिव्हर्सिटीचं डिपार्टमेंट. पण नुसता आकडा बघून आयुष्यातली पाच वर्षं कुणाच्या हातात देऊ नका. मी कसं बघते ते सांगते.

आधी माणूस तोच आहे ना ते बघा. 'एस. पाटील' सर्च केलं की केमिस्ट, डॉक्टर, शेतीवाले सगळे एका ढिगात येतात आणि गुगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवरच्या प्रोफाइलमध्ये भलत्याचेच पेपर आपोआप जाऊन बसतात. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ऑनलाइन ओळख) १६ आकडी नंबर असेल तर त्यावरून, नाहीतर लॅबच्या पेजवरच्या लिस्टशी ताडून बघा.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला. एच १८ म्हणजे असे १८ पेपर ज्यांना प्रत्येकी निदान १८ सायटेशन आहेत, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा तितक्यांदा संदर्भ दिलाय, बस. तो कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो, त्यामुळे रिटायरमेंटला आलेल्या सरांचा ४० आणि आठ वर्षांपूर्वी लॅब उभी केलेल्या मॅडमचा १८ शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय गुगल स्कॉलर थीसिस आणि प्रीप्रिंटमधली (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेल्या पेपरमधली) सायटेशनही धरतं, म्हणून त्याचा आकडा स्कोपस या दुसऱ्या साइटपेक्षा बहुतेक वेळा मोठा दिसतो. तुलना करायचीच तर एकाच साइटवर करा. रिव्ह्यू आर्टिकल, म्हणजे आधी छापलेल्या कामाचा आढावा, बाजूला काढा, त्यांना सायटेशन भरपूर मिळतात पण लॅबमध्ये काय चालतं ते त्यातून समजत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांना मिळणारी सरासरी सायटेशन, हा जर्नलचा असतो, पेपरचा नाही. मियाउरा आणि सुझुकींनी १९७९ मध्ये आपल्या कपलिंगचा (दोन रेणूंचे तुकडे जोडणाऱ्या रिअॅक्शनचा) पेपर टेट्राहेड्रॉन लेटर्समध्ये छापला, २०१० मध्ये सुझुकींना त्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि आज इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीत ते जर्नल बरंच खाली आहे.

आता खरं काम. त्या गाइडचे गेल्या पाच वर्षांतले तीन पेपर घ्या आणि सपोर्टिंग इन्फर्मेशन, म्हणजे पेपरसोबतची प्रयोगाच्या तपशिलांची फाइल, उघडा, मुख्य पेपर नंतर वाचला तरी चालेल. प्रोसिजर अशी लिहिलीय का की तुम्ही उद्या सकाळी फ्लास्क लावू शकाल? किती मिलीमोल, किती एमएल सॉल्व्हंट, किती तास, टीएलसी (रिअॅक्शन कुठवर आली ते बघायची टेस्ट) कशात, प्रॉडक्ट शुद्ध करायचा कॉलम कशावर? मी एकदा ८२ टक्के यील्डची एक स्टेप ग्रॅम स्केलवर लावली आणि तीन आठवडे ३०च्या वर गेलेच नाही, मग नीट वाचलं तर त्यांनी ती ०.१ मिलीमोलवर केलेली, म्हणजे हातात आलं असेल जेमतेम वीसेक मिलिग्रॅम. तेव्हापासून स्केल मी पहिलं बघते.

मग एनएमआर स्पेक्ट्रा, म्हणजे कंपाउंड कोणतं आणि किती शुद्ध ते दाखवणारे आलेख. क्लोरोफॉर्मचा पीक ७.२६ला असणारच, पण १.२६, २.०५ आणि ४.१२ला इथिल अॅसिटेट पानामागून पान दिसत असेल तर कॉलमनंतर सँपल नीट सुकवलेलं नाही आणि ते कुणी परत बघितलंही नाही. एखाद्या पानावर असेल तर सोडून द्या, आपल्या सगळ्यांकडून होतं. बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेघ, मध्येच पुसल्यासारखी एकदम सपाट दिसली तर मात्र नको असलेले पीक कुणी खोडले असावेत, ती लॅब सोडा.

नावांचा क्रमही बघा. स्टार गाइडच्या नावावर असतो, पहिलं नाव बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं. दर दोन वर्षांनी पहिली नावं बदलतायत की सगळे पेपर एकाच पोस्टडॉकचे (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्याचे) आहेत? जी मुलं तिथून बाहेर पडली त्यांचे थीसिस शोधगंगा या भारतीय थीसिसच्या साइटवर मिळाले तर नक्की वाचा, पेपरमध्ये न आलेले फसलेले रूट (कंपाउंड बनवायचे मार्ग) तिथे सापडतात, आणि टोटल सिंथेसिसमध्ये, म्हणजे एखादा गुंतागुंतीचा रेणू सुरुवातीपासून बनवण्यात, तर शिकायचं सगळं त्या फसलेल्या रूटमध्येच असतं.

एवढं झालं की मेल टाका आणि लॅबमध्ये जाऊन या. गाइडना भेटून झालं की तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कुणाला तरी चहाला घेऊन जा आणि सरळ विचारा: तुझा पहिला पेपर कितव्या वर्षी आला, आणि रिअॅक्शन चालत नव्हती तेव्हा सर काय म्हणाले?