उघडीप पडण्याआधी

वसंतात चार दिवस पावसाची झड लागली की मधपेट्या पाळणारा माणूस जरा सैलावतो. एवढ्या पावसात माशा कुठे उठून जाणार? खरंच आहे, भर पावसात थवा, म्हणजे राणीसोबत घर सोडून निघणारा माशांचा जथा, उठत नाही. पण उठायचा बेत रद्द होत नाही, तो नुसता तुंबून राहतो. रोज रानात जाणाऱ्या माशा घरातच बसून असतात, गर्दी दाटत जाते, राणीघरं (नवी राणी वाढते त्या मेणाच्या कोठड्या) मोठी होत राहतात, आणि ज्या दिवशी ऊन पडतं त्या दिवशी दुपारच्या आत अर्धं घर बाहेर. एका वर्षी मी ‘पाऊस थांबला की बघू’ म्हणत अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, मी स्मोकर (माशांवर धूर सोडायचा डबा) शोधत होतो आणि माशा शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीला लोंबकळत होत्या. तेव्हापासून तयारी पावसातच उरकायची हे ठरलं.

सगळ्यात आधी भिंतीवर कॅलेंडर टांगा. माशा आभाळ बघून थांबतात, पण कोषातली राणी कोणासाठी थांबत नाही. अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघराचं तोंड मेणाने बंद होतं आणि सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर येते. हवा चांगली असेल तर पहिलं राणीघर बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी थवा घेऊन निघते. म्हणून दर सात दिवसांनी पेटी तपासायची. पावसाने एखादी तपासणी हुकली तर पुढची तारीख त्या आठवड्यापासून नव्याने मोजू नका, जुनाच हिशेब चालू ठेवा.

तपासणीला सोनेरी उन्हाची वाट बघायची गरज नाही. पाऊस थांबलेला, वारा पडलेला आणि पारा 15 अंशांच्या वर, एवढं पुरे. पिल्लांना 34-35 अंशांची ऊब लागते, त्यामुळे पोळ्याची चौकट बाहेर धरून गप्पा मारत बसायचं नाही. पेटीत पिल्लांचे दोन कोठे, म्हणजे मजले, एकावर एक असतील तर आधी वरचा मागून उचलून नुसता तिरका करा आणि चौकटींच्या खालच्या कडा बघा. थव्याच्या तयारीतली राणीघरं बहुधा तिथेच लोंबतात, भुईमुगाच्या शेंगेसारखी, खडबडीत, तोंड खाली. बोटाच्या टोकाएवढ्या रिकाम्या वाट्या दिसल्या तर घाबरू नका, त्या माशा अशाच बांधून ठेवतात. वाटीच्या तळाशी अंडं किंवा दुधट लापशीत पोहणारी अळी दिसली की मात्र दिवस मोजायला लागा. हा तिरका बघण्याचा प्रकार अर्ध्या मिनिटात होतो, पण त्यात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. कोपऱ्यात दडलेलं एखादं राणीघर चौकट काढल्याशिवाय सापडत नाही, आणि तेवढं एकच पुरतं.

राणीला रंगाचा ठिपका आधीच दिलेला असेल तर गर्दीत शोधणं सोपं जातं. रंग वर्षाच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतात: 1 आणि 6 ला पांढरा, 2 आणि 7 ला पिवळा, 3 आणि 8 ला लाल, 4 आणि 9 ला हिरवा, 5 आणि 0 ला निळा.

आता सामान. पाच चौकटींची एक छोटी पेटी झाकण-तळासकट तयार हवी, शिवाय बांधलेल्या पोळ्याच्या दोन आणि मेणपत्रा (पोळं बांधायला आधार देणारा मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या काही चौकटी. राणीघरात अळी दिसली की जुन्या राणीला पिल्लांच्या एका-दोन चौकटी, मधाची एक चौकट आणि वरून झटकलेल्या भरपूर माशांसह त्या छोट्या पेटीत हलवायचं. त्या चौकटींवर राणीघर राहिलं नाही ना, हे दोनदा बघा. मूळ पेटीत उघडं, आत अळी दिसणारं एकच चांगलं राणीघर ठेवून बाकीची मोडायची. ठेवलेल्या राणीघराची चौकट झटकायची नाही, माशा ब्रशने हळूच सारायच्या, नाहीतर आतली अळी जागची हलते. आठवड्याने परत येऊन माशांनी घाईघाईत बांधलेली नवी राणीघरंही काढायची. ही दुसरी खेप लोक विसरतात आणि मग उरलेला थवाही जातो. दोन राणीघरं ‘असू दे एक जास्तीचं’ म्हणून ठेवणं मला पटत नाही. तो जुगार बहुतेकदा माशाच जिंकतात.

स्मोकरचं जळण पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, काडेपेटी त्याच डब्यात. ओल्या गोणपाटाने धूर कमी आणि शिव्या जास्त निघतात. पेट्या किंचित पुढे झुकलेल्या ठेवा म्हणजे आत आलेलं पाणी दारातून निघून जाईल, आणि झाकणावर दगड ठेवा किंवा पट्टा आवळा.

भुकेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बाहेर फुलं दिसतात, पण पावसात मकरंद धुऊन जातो आणि आत पिल्लांची तोंडं तेवढीच. भरभरून माणसं असलेलं घर आठवड्यात उपाशी पडू शकतं. पेटीची मागची बाजू एका हाताने उचलून बघा. सहज उचलली गेली तर साखर आणि पाणी वजनाने समान घेऊन केलेला पाक द्या. मधाचा कोठा वर असेल तर आधी तो काढा, नाहीतर पाकच मध म्हणून काढाल. आणि बेतानेच द्या. पाकाने पिल्लांच्या जागा भरल्या की राणीला अंडी घालायला जागा उरत नाही आणि थव्याला आणखी एक निमित्त मिळतं.

एवढं करूनही एखादा थवा सुटतोच. पुठ्ठ्याचं खोकं, पांढरी चादर, फांदी कापायची कात्री आणि पाण्याचा फवारा एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. बारीक फवारा मारला की माशा पाऊस समजून दाटीने बसतात. खऱ्या पावसात सापडलेला थवा जवळून बघण्यासारखा असतो: बाहेरच्या माशा डोकं वर, पंख खाली करून कौलांसारख्या एकमेकींवर रचतात आणि पाणी ओघळून जातं. मात्र निघताना पोटात भरून घेतलेला मध काही दिवसच पुरतो. दोन-तीन दिवस पावसात लटकलेला थवा गरीब असतो असं धरून हातमोज्यांशिवाय जाऊ नका; घरात घेतल्यावर त्याला लगेच पाक द्या.

सुटलेला थवा आपणहून येऊन बसावा म्हणून रिकामी आमिषपेटीही टांगून ठेवा. मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांच्या प्रयोगांत माशांनी साधारण 40 लिटरची, लहान दाराची, उंचावरची जागा पसंत केली. जुनी पेटी, आत एक काळपट पोळं आणि गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब, एवढं त्यांना आवडतं.

पाऊस फारच लांबला तर संध्याकाळी पेटीला कान लावा. बाहेर आलेली कुमारी राणी लांब ‘टूं’ काढते आणि कोषात अडकवलेल्या बहिणी आतून ‘क्वाक-क्वाक’ करून उत्तर देतात. हे ऐकू आलं तर पुढच्या उघडिपीला निघणाऱ्या थव्यात कुमारी राणीच असणार.

जुनी राणी छोट्या पेटीत हलवल्यावर, आठवड्याची ती दुसरी खेप सोडली तर, मूळ पेटी तीन आठवडे उघडू नका. कुमारी राणीला मीलनाच्या उड्डाणासाठी साधारण 20 अंशांची, शांत वाऱ्याची दुपार लागते आणि पावसाळी वसंतात ती कधी मिळेल सांगता येत नाही. चार आठवड्यांनीही अंडी दिसली नाहीत तर दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट आत सरकवा. तीन-चार दिवसांत त्यावर राणीघर बांधायला घेतलं तर घरात राणी नाही. बांधलं नाही तर कोपऱ्यात कुठेतरी ती आहे. झाकण लावा आणि आणखी एक आठवडा कॅलेंडरवर खूण करा.