गरजू विद्यार्थ्यांसाठी मदत-मैफल कशी उभी करावी : फिस्कच्या गायकांचा धडा

गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी उभा करायचा म्हटले की गाण्याच्या कार्यक्रमाची कल्पना लगेच पुढे येते, आणि ती चांगलीच आहे. मात्र सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य यांतच जमा रक्कम संपून विद्यार्थ्यांच्या वाट्याला केवळ टाळ्या येतात, असेही पुष्कळदा घडते. असा कार्यक्रम करू पाहणाऱ्यांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाच्या गायकांचा दौरा बारकाईने अभ्यासावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण या कामात काय करावे आणि काय टाळावे, हे दोन्ही त्यात स्पष्ट दिसते.

गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठी ९ जानेवारी १८६६ रोजी ही शाळा लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींमध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. लहान मुलांबरोबर मोठी माणसेही तेथे अक्षर गिरवायला येत. नॅशव्हिलमधील गुलामांच्या कोंडवाड्यातल्या गंजक्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून शाळेसाठी पुस्तके घेतली गेली, अशी आठवण तेथे जपलेली आहे. पाच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढले आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा शाळेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी विद्यार्थ्यांचा एक गायकसंघ घेऊन उत्तरेकडील राज्यांत जाण्याचे ठरवले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी हा संघ निघाला.

पहिले काम म्हणजे किती रक्कम हवी आणि ती कशासाठी, हे कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी कागदावर लिहून काढणे. शाळा वाचवायची आणि तिच्यासाठी कायमची वास्तू उभी करायची, हे फिस्कच्या संघाचे उद्दिष्ट ऐकणाऱ्याला एका वाक्यात कळत असे. ‘शिक्षणाला हातभार’ असे मोघम आवाहन करण्यापेक्षा ‘अमुक इतक्या मुलींच्या वसतिगृहाचे वर्षाचे शुल्क’ असे नेमके सांगितले, तर देणाऱ्याला आपला पैसा कुठे जाणार हे समजते आणि तो मोकळ्या मनाने देतो.

खर्चाची तजवीज मात्र व्हाइट यांच्यासारखी करू नये. ज्या मिशनरी संस्थेच्या आधारावर शाळा चालत होती, तिने सुरुवातीला दौऱ्याला पाठबळ दिले नाही, म्हणून तिजोरीत उरलेले थोडे पैसे आणि स्वतःची पुंजी घेऊन ते निघाले. पहिल्या काही आठवड्यांत मिळालेला पैसा प्रवासात आणि मुक्कामातच जाई. त्यांचे धाडस मोठे होते यात शंका नाही; तरीही आपल्या कार्यक्रमासाठी सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि छपाई यांचा खर्च उचलणारे दाते आधी मिळवावेत, म्हणजे तिकिटाचा प्रत्येक रुपया विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल असे जाहीरपणे सांगता येईल.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे, म्हणजे काय गायचे याकडे वळू. सुरुवातीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या काळी लोकप्रिय असलेली गोऱ्या समाजाची गीते आणि युरोपीय धर्तीची रचना यांचाच भरणा होता. आईवडिलांकडून आलेली गुलामांची भक्तिगीते विद्यार्थी चारचौघांत गात नसत, कारण ती त्यांना पवित्र वाटत आणि ज्या दिवसांची ती आठवण करून देत, ते दिवस विसरावेत असेही वाटे. व्हाइट यांच्या घरी खुर्च्या मोजक्याच असल्याने जमिनीवर बसून ही मुले खासगीत ती गाणी म्हणत, आणि त्यांतूनच हळूहळू ती गाणी लोकांपुढे नेण्याची त्यांची तयारी झाली. नोव्हेंबर १८७१ मध्ये ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे पाद्र्यांच्या परिषदेत त्यांनी ‘स्टील अवे’ हे गीत अगदी हळू आवाजात सुरू केले, आणि आपसांत बोलत बसलेले सभागृह गप्प झाले. पुढे पत्रिकाच उलटली : जी गीते शेवटी आग्रहाखातर म्हटली जात, तीच कार्यक्रमाचा कणा झाली.

यातून घ्यायचे ते असे, की आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात, वस्तीत आणि बोलीत जे गाणे जिवंत आहे, ते आधी शोधावे. ओव्या असोत, भारुड असो वा शाहिरी कवने असोत, ते मुलांनी स्वतः निवडलेले असावे. आयोजकांनी लादलेले नसावे. चित्रपटगीते घ्यायची असतील, तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना वेळेत मिळवावा. तालीम शक्यतो प्रत्यक्ष सभागृहात घ्यावी आणि त्या वेळी एकाने शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक शब्द ऐकू येतो का, हे पाहावे. व्हाइट यांचा कटाक्ष मोठ्या आवाजावर नव्हता. अतिशय हळू पण स्पष्ट गाण्यावर होता, आणि संघाची ओळख त्यावरच झाली. ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर बसलेल्या गायकसंघाने हा सराव आवर्जून करावा.

मुलांना मंचावर उभे कसे करायचे, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. तोंडाला काळा रंग फासलेल्या गोऱ्या नटांचे, कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे खेळ तेव्हा अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होते आणि पुष्कळ प्रेक्षक तशाच करमणुकीच्या अपेक्षेने येत. फिस्कचे गायक साध्या, नीटनेटक्या पोशाखात स्थिर उभे राहून गात आणि ती अपेक्षा नम्रपणे मोडून काढत. संघाची पियानोवादक एला शेपर्ड १८६८ मध्ये शाळेत आली, तेव्हा तिच्याजवळ अवघे ६ डॉलर होते आणि तेवढ्यात तीन आठवडेच निघणार होते. पण लोकांनी तिकीट काढले ते तिच्या आणि तिच्या सोबत्यांच्या कलेसाठी. म्हणून कोणत्याही मुलाला माइकसमोर उभे करून घरची गरिबी सांगायला लावू नये. त्याची अडचण निवेदकाने नाव न घेता सांगितली तरी पुरेसे होते, आणि मुलाची मान ताठ राहते.

प्रसिद्धीसाठी ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे अशी एक व्यक्ती शोधावी. डिसेंबर १८७१ मध्ये ब्रुकलिनचे नामवंत धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनी आपल्या चर्चमध्ये संघाला गायला बोलावले आणि त्यांच्या शिफारशीने पुढची दारे उघडली. प्रवेश विनामूल्य ठेवून शेवटी झोळी फिरवण्यावर सगळी भिस्त ठेवू नये. तिकिटे आधी विकावीत आणि ऐच्छिक देणगीची सोय वेगळी ठेवावी. १८७२ मध्ये या संघाच्या गीतांचे स्वरलिपीसह पुस्तक निघाले आणि तेही विकले जाऊ लागले. आपणही गीतांची छोटी पुस्तिका छापून तिच्या विक्रीची भर निधीत घालू शकतो.

हिशेबाबाबत काटेकोर असावे. दौऱ्याच्या आरंभीच शिकागोला प्रचंड आग लागली, तेव्हा स्वतः अडचणीत असलेल्या या मुलांनी एका कार्यक्रमाचे जेमतेम ५० डॉलरचे उत्पन्न आगग्रस्तांना देऊन टाकले. सरसकट असे करावे असे माझे म्हणणे नाही, परंतु पैसा स्वतःसाठी घेतलेला नाही ही खात्री लोकांना कृतीतूनच पटते. प्रत्येक देणगीची पावती द्यावी, संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी असेल तरच करसवलतीचा उल्लेख करावा, आणि रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी.

या दौऱ्याची एक बाजू मला फार बोचते. पहिल्या दौऱ्यात सुमारे २०,००० डॉलर जमले, १८७३ मध्ये संघ इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियापुढे गायला, आणि १ जानेवारी १८७६ रोजी ‘ज्युबिली हॉल’ ही वास्तू शाळेला अर्पण झाली. परंतु अनेक ठिकाणी हॉटेलांनी त्यांना वर्णामुळे जागा नाकारली, सततच्या प्रवासाने प्रकृती ढासळल्या, आणि १८७८ मध्ये संघ विसर्जित झाला तोवर गायकांची उमेदीची वर्षे रस्त्यावर गेली होती. एला शेपर्डसारख्यांचे स्वतःचे शिक्षण अपुरेच राहिले. म्हणून परीक्षेच्या महिन्याभर आधी तालीम व कार्यक्रम बंद ठेवावेत, पालकांची लेखी संमती घ्यावी, बाहेरगावच्या मुक्कामाची पक्की सोय झाल्यावाचून निघू नये, आणि गाणाऱ्या मुलांपैकी जो गरजू असेल, त्याचे शुल्क निधीतून सर्वांत आधी भरावे.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च छापून सूचनाफलकावर लावावा व तिकीट घेणाऱ्यांनाही पाठवावा. शुल्काची रक्कम शक्यतो थेट महाविद्यालयाच्या वा वसतिगृहाच्या खात्यात भरावी आणि त्या पावत्यांच्या प्रती पुढील वर्षीच्या दात्यांना दाखवण्यासाठी जपून ठेवाव्यात.