नॉर्वेजियन शिकताय? ‘फो तिल’ पक्कं करा
नॉर्वेजियनमध्ये ‘फो’ म्हणजे मिळणं. त्यापुढे ‘तिल’ आलं की अर्थ होतो जमणं, साधणं. शाळेत, ऑफिसात, स्वयंपाकघरात ही जोडी सतत कानावर पडते, म्हणून ती लवकर शिकावी.

‘याय फोर दे तिल’ म्हणजे ‘मला ते जमतं’. मराठीत आपण ‘मला’ म्हणतो, तिथे मात्र ‘याय’, म्हणजे ‘मी’, हा सरळ कर्ता असतो. भूतकाळात ‘फिक’: ‘याय फिक दे तिल’, जमलं!

खरी अडचण शब्दांच्या जागेची. ‘दे’ (ते) हे सर्वनाम दोन शब्दांच्या मध्येच बसतं, ‘फोर तिल दे’ म्हणायचं नाही. नकार देताना ‘इके’ सर्वनामानंतर येतो: ‘याय फोर दे इके तिल’. पण नाम असेल तर क्रम बदलतो: ‘याय फोर इके तिल ओपगावेन’, म्हणजे हा स्वाध्याय मला जमत नाही. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून तोंडात बसवा. नियम पाठ करण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. बोलताना जोर ‘तिल’वर द्या.

पुढे ‘ओ’ आणि दुसरं क्रियापद आलं, तर अर्थ ‘करायला लावणं’ असा होतो: ‘दू फोर माइ तिल ओ ले’, तू मला हसवतोस.

कुणाला धीर द्यायचा असेल तर म्हणा, ‘देत्ते फोर दू तिल!’ हे तुला जमेल.