काउंटरवरचं ‘विचारून सांगतो’ कमी कसं करायचं

माझं घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह, पंखे. माणसं मोजकीच: काउंटरवर एक बाई, आत तीन-चार कारागीर आणि मी. असाच छोटा धंदा चालवणारे लोक भेटले की गप्पा हमखास एका तक्रारीवर येतात. हल्ली माणसं चांगली मिळत नाहीत, गिऱ्हाईकाशी धड बोलत नाहीत. मला तेव्हा एकच विचारावंसं वाटतं: तुमच्या काउंटरवरच्या माणसाला तुम्हाला न विचारता काय काय ठरवता येतं? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘ठरवायचं काय त्यात, मी असतोच की.’

दुखणं तिथेच आहे. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला एक साधी गोष्ट हवी आहे, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘विचारून सांगतो.’ मालक फोनवर असतो, नाहीतर पार्ट आणायला गेलेला असतो. गिऱ्हाईक ताटकळतं, चिडतं, आवाज चढवतं. मग काउंटरवरच्याचाही तोल जातो आणि आपण म्हणतो, याला बोलायची रीत नाही. रीत असते हो. अधिकार नसतो.

यान कार्लझोन १९८१ मध्ये ‘सास’ या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी मांडलेला एक हिशोब मला फार पटतो. वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण ५ कर्मचाऱ्यांशी, आणि दर भेट सरासरी १५ सेकंदांची. प्रवाशाच्या लेखी कंपनी म्हणजे ते १५ सेकंद. तेवढ्यात वर जाऊन कोणाला विचारणार? म्हणून त्यांनी प्रवाशांशी थेट गाठ पडणाऱ्या माणसांच्या हातात निर्णय दिले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं, ते पाच माणसांच्या धंद्यात न जमायला काहीच कारण नाही. फक्त ‘तुम्ही बघा, माझा विश्वास आहे’ एवढं म्हणून ते होत नाही. त्याची नीट तयारी करावी लागते.

आधी एक वही

काउंटरवर वही ठेवा आणि दोन आठवडे ती चालवा. ‘विचारून सांगतो’ म्हणावं लागलं की एक ओळ लिहायची: गिऱ्हाईकाला काय हवं होतं, आणि शेवटी तुम्ही काय उत्तर दिलंत. ही वही कोणाची चूक धरायला नाही, हे माणसांना आधी स्पष्ट सांगा. नाहीतर ती कोरीच राहील.

मग निवांत बसून वाचा. प्रश्न तेच ते असतात. आमच्याकडचे असे: थोडं कमी करा. आजच हवंय. मागच्या महिन्यात केलं तेच परत बिघडलंय, आता पुन्हा पैसे घेणार का? पावती हरवली. दुरुस्ती नको, तसंच परत द्या, मग तपासणीचे पैसे का? आता तुमची उत्तरं बघा. तीही बहुतेक तीच ती असतात. ज्या प्रश्नाला तुम्ही दर वेळी एकच उत्तर देता, तो प्रश्न तुमच्यापर्यंत यायचं कामच नाही.

मर्यादा आकड्यात आणि कागदावर

नुसता विश्वास दाखवला तर माणूस घाबरतो. कुठवर जायचं ते त्याला कळत नाही, म्हणून तो पुन्हा विचारायलाच येतो. आकडा हवा. रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीत कोणत्याही कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करता येतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आपल्याला तेवढं झेपणारं नाही आणि लागतही नाही. माझा हिशोब साधा आहे: एका नेहमीच्या दुरुस्तीत जेवढे सुटतात, तेवढ्यापर्यंत काउंटरने ठरवावं. निर्णय चुकला तरी एका कामाची कमाई जाईल. गिऱ्हाईक गेलं तर त्याची पुढची सगळी कामं जातात.

रकमेबरोबर बाकीचंही लिहा. आमच्या काउंटरच्या खणात आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. पावती नसेल, पण फोन नंबरावरून जॉब कार्ड (त्या कामाच्या नोंदीचा कागद) सापडलं आणि ओळख पटली, तर वस्तू द्यायची. दुरुस्त केलेली वस्तू महिन्याभरात त्याच बिघाडासाठी आली तर मजुरी लावायची नाही. काय करायचं नाही, तेही त्याच कागदावर आहे. परत न्यायची तारीख काउंटरने आपल्या मनाने द्यायची नाही, ज्या कारागिराच्या हातात काम आहे त्यानेच द्यायची. आणि वायर जळालेली वस्तू ‘तात्पुरती चालू करून द्या’ म्हणून कोणी कितीही गळ घातली तरी द्यायची नाही. इथे रकमेचा प्रश्नच नाही, शॉक बसला तर जीव जाईल.

दिलेला निर्णय फिरवू नका

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक धंद्यांत सगळं इथेच बिनसतं.

बाई काउंटरवर सांगतात, ‘दुरुस्ती करायची नसेल तरी तपासणीचे पैसे द्यावे लागतील.’ गिऱ्हाईक मान उंच करून आत बघतं. ‘मालक कोण आहे? त्यांना बोलवा.’ मालक बाहेर येतो, हसतो, म्हणतो, ‘जाऊ द्या हो बाई, राहू दे. साहेब नेहमीचे आहेत.’ गिऱ्हाईक खूश. मालकालाही आपण दिलदार आहोत असं वाटतं. त्या वेळी बाईंच्या चेहऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. त्या एका वाक्याने बाईंना कळतं की नाही म्हणायचं काम माझं आणि हो म्हणायचं काम मालकाचं. गिऱ्हाईकालाही कळतं की या काउंटरशी बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई सगळ्यांना आत पाठवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मला बोलावलं की मी बाहेर येते, काउंटरच्या पलीकडे न जाता बाईंच्या बाजूला उभी राहते आणि गिऱ्हाईकाचं सगळं ऐकून घेते. मग विचारते, ‘बाई, तुम्ही काय सांगितलंत यांना?’ त्या सांगतात. ‘मग तसंच होईल,’ एवढंच मी म्हणते. सवलत द्यावी असं मला वाटलं तर म्हणते, ‘बाई, यात काही करता येतंय का बघा.’ आणि आत निघून जाते. सवलत द्यायचीच असेल तर ती बाईंच्या तोंडून जाऊ दे. त्या गिऱ्हाईकाने पुढच्या वेळी त्यांच्याशीच बोलायला हवं.

निर्णय खरंच चुकीचा असेल तर? तो संध्याकाळी, शटर ओढल्यावर, दोघींत बोलायचा. नियमच धड नसेल तर खणातला कागद बदलायचा. गिऱ्हाईकाकडून जास्त पैसे घेतले गेले असतील तर दुसऱ्या दिवशी फोन करून ते परत द्यायचे, आणि तो फोन बाईंनीच करायचा. चार लोकांसमोर आपल्या माणसाला खोटं पाडून कोणाचंही बोलणं सुधारत नाही.

तक्रार आली की

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात: मुकाट्याने निघून जायचं, किंवा बोलायचं. निघून जाणं सोपं. आपल्यासमोर उभं राहून भांडणाऱ्याने त्रासाची वाट निवडलेली असते. म्हणजे त्याला अजून आपल्याकडून काहीतरी हवं आहे. हे काउंटरवरच्या माणसाला मनापासून पटलं तर त्याचा स्वर आपोआप बदलतो. त्याला ‘हसून बोला’ असं वेगळं शिकवावं लागत नाही.

पद्धत अशी: मध्ये न तोडता ऐकायचं, ऐकता ऐकता जॉब कार्डावर लिहायचं, आणि मग परत म्हणून दाखवायचं. ‘मशीनचं बेअरिंग आपण बदललं होतं, आता कपडे पिळताना पुन्हा तसाच आवाज येतोय आणि खाली पाणीही गळतंय. बरोबर?’ या ‘बरोबर’वर माणूस अर्धा शांत होतो, कारण आपलं म्हणणं पोचलं हे त्याला दिसतं. मग लगेच पुढचं सांगायचं: ‘उद्या दुपारपर्यंत उघडून बघतो. चार वाजता मी स्वतः फोन करते.’ वेळ आणि फोन करणारा माणूस, दोन्ही ठरलेले हवेत. ‘कळवतो’ म्हणजे काहीच न सांगणं.

कारण नंतर. ‘कपडे जास्त भरत असाल’ हे खरं असलं तरी त्या मिनिटाला बोलायचं नाही. मशीन उघडल्यावर पार्ट हातात देऊन दाखवा. बेअरिंग गंजून तांबूस झालेलं, त्याच्या पुढच्या रबरी सीलची कड फाटलेली. सीलमधून पाणी आत गेलं, त्याने बेअरिंग धुऊन निघालं, ग्रीस गेलं, गंज चढला. हे बोटाने दाखवलं की गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, मग सील पण बदलायचं ना? आमच्या जॉब कार्डावर बेअरिंगच्या खाली सीलचा वेगळा रकाना आहे.

बिघडलेलं काम नीट निस्तरलं तर गिऱ्हाईक आधीपेक्षा जास्त खूश होतं, असं पुष्कळदा सांगतात. १९९२ मध्ये विपणनाच्या अभ्यासकांनी त्याला विरोधाभास असं नावही दिलं. माझं सांगणं, याच्या भरवशावर राहू नका. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम दर वेळी दिसलेला नाही, आणि तेच काम दुसऱ्यांदा बिघडलं की लोकांचं मत झपाट्याने खाली येतं. एकदा निस्तरायची संधी मिळते, ती वाया घालवू नका.

वाट बघायला लावताना

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिलं. किती वेळ लागणार हे माहीत नसेल तर थांबणं जास्त लांबल्यासारखं वाटतं, आणि कारण कळलं नाही तरीही तसंच, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्तीच्या धंद्यात पार्ट उशिरा येणं टळत नाही. गिऱ्हाईकाचा फोन येण्याआधी आपला फोन जाणं मात्र आपल्या हातात आहे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आज द्यायची जॉब कार्डं काढायची, ज्यांचं होणार नाही त्यांना दहाच्या आत फोन: काय अडलंय, नवी तारीख कोणती. यात कसलंही कौशल्य लागत नाही, पण नेमाने करावं लागतं.

वाईट बातमी मालकापर्यंत पोचायला हवी

टोयोटाच्या कारखान्यात जुळणीच्या रांगेवरच्या कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर तो दोरी ओढतो (हल्ली काही ठिकाणी दोरीऐवजी बटण आहे). टीमप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष सुटला नाही तर रांग थांबते. त्यामागची खरी गोम अशी की दोरी ओढणाऱ्याला ओरडा बसत नाही. छोट्या धंद्यात मालकाचा चेहरा हीच ती दोरी. कारागीर येऊन सांगतो, ‘काच लावताना तडकली.’ तुमच्या कपाळावर आठी आली की पुढची काच तडकल्याचं तुम्हाला गिऱ्हाईकाकडून कळेल. मी आधी म्हणते, ‘बरं झालं सांगितलंस.’ मग गिऱ्हाईकाला कोण आणि काय सांगणार ते ठरवतो. तडकली कशी, हा प्रश्न तिसरा. राग येतोच, पण तो तिथे काढून चालत नाही.

आपल्या माणसाच्या बाजूने कधी उभं राहायचं

दिवसभर शांत आवाजात बोलत राहणं हे कष्टाचं काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून ते दाखवून दिलं आणि त्याला भावनिक श्रम म्हटलं. श्रम म्हटले की विश्रांती आली. काउंटरवरच्या माणसाला जेवणाची सुट्टी काउंटरपासून लांब मिळाली पाहिजे, आणि भांडणाचा प्रसंग झाल्यावर दहा मिनिटं आत बसायला मिळाली पाहिजेत. तेवढा वेळ काउंटर मी सांभाळते.

शिवीगाळ ही वेगळी गोष्ट. आमच्याकडे पहिल्या शिवीला बाई बोलणं थांबवतात आणि मला हाक मारतात. ‘वस्तूबद्दल काय ते माझ्याशी बोला, पण या भाषेत नाही,’ असं मी सांगते. ऐकलं नाही तर वस्तू आणि पैसे परत. असं गिऱ्हाईक गेल्याचं मला वाईट वाटत नाही. ते टिकवायला चांगला माणूस घालवणं मात्र परवडत नाही, कारण त्याच्यासारखा तयार करायला फार वेळ जातो.

नव्या माणसाला पहिले काही दिवस जुन्याच्या शेजारी नुसतं बसू द्या, फोन ऐकू द्या, खणातला कागद वाचू द्या. मग तक्रार परत म्हणून दाखवायचा सराव. रकमेची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण द्या. अर्धी दिली तर तो अर्ध्या वेळा विचारायलाच येईल.

हे सगळं बसलं की एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या, फोनही बंद ठेवा. आधी सांगून ठेवा की फोन फक्त आग, अपघात किंवा पोलीस यासाठी घरच्यांकरवी. परत आल्यावर आधी वही वाचा. ‘विचारून सांगतो’ म्हणून काय काय अडून राहिलं ते तिच्यात असेल, त्यातलं काय खणातल्या कागदावर घालायचं ते माणसांबरोबर बसून ठरवा. आणि तुमच्या माघारी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नसला तरी गिऱ्हाईकाला दिलेला शब्द पाळा.