सीएसआरमध्ये नोकरी करायची म्हणता?

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेली मुलं हल्ली विचारतात, 'कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात नेमकं करायचं काय?' पेपरात फोटो येतो तो भल्यामोठ्या चेकचा. ते काम अर्ध्या तासाचं. बाकी वर्ष जातं कागद आणि गावच्या फेऱ्या यांत.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५ आधी नीट वाचा. आदल्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. प्रशासकीय खर्च त्यातल्या ५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. म्हणून विभाग बहुधा छोटे असतात. प्रस्ताव तपासणं, संस्थेची बारा-ए, ऐंशी-जी ही आयकर खात्याकडची नोंदणी बघणं, शाळेत जाऊन संडासाला पाणी येतं का ते पाहणं, सगळं तुमच्याच गळ्यात.

टाटांचं उदाहरण मुलाखतीत हमखास निघतं, पण त्यात गल्लत होते. जमशेटजींनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला १८९२ साली. परळचं टाटा मेमोरियल १९४१ चं, सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं. तेव्हा कुठला आलाय कायदा! टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग अशा न्यासांकडे आहेत आणि त्यांवरचा लाभांश न्यासांच्या कामाला जातो. टाटांच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर विभाग आणि हे न्यास वेगवेगळे, तिथल्या नोकऱ्याही वेगळ्या. अर्ज कुठे करताय ते बघून करा.

आता खरं काम. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाणी शुद्धीकरण यंत्र बसवायला कंपनी आनंदाने तयार होते. पण फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोणाच्या नावावर, मोटर जळली तर फोन कोणाला? मी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हातात पडेपर्यंत यंत्राची ऑर्डर जाऊ देत नाही. वरिष्ठ कुरकुरतात, कारण मार्चअखेर जवळ आलेली असते. कुरकुरू देत. काम सुरू असलेल्या बहुवर्षीय प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येते. मात्र प्रकल्प सुरुवातीलाच तसा मंजूर करून घेतलेला हवा, किंवा संचालक मंडळाने सबळ कारण देऊन त्याची मुदत वाढवलेली हवी.

मुलाखतीत पगाराच्या आधी एवढं विचारा: तीन वर्षांपूर्वी दिलेल्या एखाद्या वस्तूची आज काय अवस्था आहे? उत्तर देणारा फाइल शोधायला लागला, तर तुमच्या पहिल्या महिन्याचं काम ठरलं.